अंगठ्याच्या रेषा

लांज्याच्या काजू कारखान्यात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं आणि पंचवीस वर्षं काजू फोडणाऱ्या वनिताकाकीला ते ओळखेना. काजूच्या टरफलातल्या जहाल तेलानं तिच्या बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. तिनं अंगठा राखेनं घासला, पदराला पुसला, तरी दिवा आपला तांबडाच. सुपरवायझर रेणुकाला काम काकीनंच शिकवलेलं. साहेबांना गळ घालून ती काकीला म्हणाली, "महिनाभर घरी बस, रेषा उमटतील. तुझी जागा राखते मी." काकी रोज बोटांना खोबरेल चोळत बसली. आज ठेवणीतलं पातळ नेसून ती आली, रवळनाथाचं नाव घेऊन तिनं अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. "बघ गो, वळखलान मला!" काकी हरखली. रेणुकाला तिच्याकडे बघवेना. काजू फोडायचं नवं मशीन कुठं बसवायचं, असं साहेबांनी परवा विचारल्यावर तिनंच काकीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं होतं.