दोन विषमांची बेरीज

मोहिनी गावितनं चिठ्ठी उघडली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘विषमता’. उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धेत विचाराला पाच मिनिटं देतात. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत राहिली, आणि नाव पुकारल्यावर सुरगाण्याच्या आश्रमशाळेचा गणवेश नीट करत माईकसमोर जाऊन उभी राहिली.

गंगापूर रोडवरच्या त्या सभागृहाला असली भाषणं ऐकायची सवय. विषमता म्हटलं की आधी झोपडी, मग बंगला, आणि शेवटी मूठ आवळून ‘हे चित्र बदलायलाच हवं’. क्लासवाले पोरांकडून घोटूनच घेतात. नावाला उत्स्फूर्त!

मोहिनी म्हणाली, “दोघांत सारखं वाटलं आणि काही उरलं नाही, तर ती संख्या सम. एक उरला, तर विषम.”

लोकांना कळायला जरा वेळ लागला, आणि मग जो हशा पिकला म्हणता! पोरीनं गणितातलं विषम धरलं होतं. पालक हसले, शिक्षक हसले, आणि परीक्षकांच्या टेबलावर बसलेले दीपकरावही तोंडावर रुमाल धरून हसले. परीक्षकानं हसायचं नसतं, हे काय आता सांगायला हवं? मोहिनी थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. आता ही रडणार आणि खाली उतरणार, असं सगळ्यांना वाटलं.

ती उतरली नाही. पुढे बोलू लागली. आमच्या शाळेत जेवायला जाताना जोड्या लावतात, ती म्हणाली. आमच्या वर्गात मुली विषम, म्हणून एक उरते. ती मी. शेजारच्या वर्गातही मुली विषमच, तिथंही एक उरते. मग आम्ही दोघी हात धरून जातो. “कुठल्याही दोन विषम संख्या घ्या, बेरीज समच येणार. कधीच चुकणार नाय. कारण इकडची उरलेली आणि तिकडची उरलेली एकमेकींना मिळतात.”

दीपकरावांच्या शेजारी दुसऱ्या परीक्षक बसल्या होत्या, डॉ. प्रतिभा शेवाळे. सारा जन्म गणित शिकवण्यात गेलेली बाई. त्यांचा पेन हातातच राहिला. ही सिद्धता त्या दरवर्षी कॉलेजातल्या पोरांना शिकवत, आणि निम्मी पोरं ती कविता पाठ करावी तशी पाठ करत. इथं आठवीतल्या मुलीनं ती जेवणाच्या रांगेतून काढली होती. बाईंचा ऊर भरून आला. जशी काही पोटची लेकच बोलत होती.

सगळी भाषणं झाल्यावर दोघं परीक्षक आतल्या खोलीत बसले. दीपकराव वक्तृत्वाचे क्लास चालवत, मनानं वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, पोरीचा विषयच चुकला, पण बिचारी एवढ्या लांबून आलीय, आदिवासी भागातली आहे, तिला उत्तेजनार्थ देऊन टाकू. तिलाही बरं वाटेल आणि पेपरात फोटोही चांगला येईल.

प्रतिभाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उत्तेजनार्थ या शब्दाशी त्यांचं जुनं वैर. बक्षीस द्यायचं नाही आणि तसं तोंडावर सांगायची हिंमतही नाही, मग पुसा तोंडाला पानं, असं त्या म्हणत. कीव करून वाढवलेला गुण म्हणजे ‘तुला जमायचं नाही’ हेच गोड बोलून सांगणं, हे त्यांचं मत तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. पटत कुणालाच नसे. चहा संपेपर्यंत लोक ऐकून घेत.

“दीपकराव, चिठ्ठीवर एकच शब्द आहे. सामाजिक विषमता असं आपण लिहिलेलं नाही. तिनं शब्दाचा अर्थ सांगितला, उदाहरण दिलं, सिद्ध करून दाखवलं. चुकलं असेल तर शून्य द्या. बरोबर असेल तर तिचे गुण तिला द्या. मधलं काही नको.”

दीपकराव चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, चूक असेल तर ती चिठ्ठी लिहिणाऱ्याची, म्हणजे आपलीच. त्यांनी आपले गुण खोडले आणि नव्यानं भरले. दोघांची बेरीज केली तेव्हा मोहिनी गावित दुसरी आली.

बक्षीस घेताना टाळ्या बऱ्या पडल्या, पण मोहिनीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. सभागृह रिकामं होऊ लागलं. तिचे सर गाडी बघायला बाहेर गेले, तशी ती सरळ परीक्षकांच्या टेबलाशी आली आणि चषक प्रतिभाबाईंपुढे ठेवला.

“मॅडम, सगळे हसत होते. दया करून दिला असंल, तर मला नको.”

बाईंना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी आवाज मुद्दाम कडक केला. “पहिला नंबर तुझाच येत होता. मी तुझे तीन गुण कापले, म्हणून दुसरा आला. दया केली असती, तर कापले असते का?”

मोहिनीचं तोंड एवढंसं झालं. “कशाचे कापले?”

“मध्येच थांबलीस, त्याचे.”

“पण ते हसत होते.”

“हसू देत की. तू बरोबर होतीस ना?”

मोहिनीनं मान वर केली.

“होते,” ती म्हणाली, आणि चषक उचलला.