थोरलीचा मान

नातवाच्या लग्नात राहीआजी पहिल्यांदाच मेकअपला बसल्या. पावडर सुरकुत्यांत साचते, म्हणून पार्लरच्या रूपालीनं आधी क्रीम चोळलं, मग हलका हात फिरवला आणि ओठांना फिका गुलाबी रंग लावला. आरशात बघून आजी गालात हसल्या, "आता बसू दे धाकटीला बघत!" धाकटी, म्हणजे त्यांची जाऊ, नुसतं तोंड धुऊन आली होती.

शिराळ्याच्या कार्यालयात नवरीच्या आत्या-मावश्या आल्या. थोरली समजून त्यांनी मानाची साडी धाकटीच्या हातात दिली, ओळीनं तिच्याच पाया पडल्या आणि आजींना लांबूनच हात जोडले.

आजी तडक रूपालीकडं परतल्या.



"पूस गं पोरी हे समदं! माजं वय तिकडं धाकटी घेऊन बसलीया."