शायाचं नाव

"शाया ठेवायचं नाही. दुसरं शोधा," काजं करता करता गितलमावशीने निकाल देऊन टाकला.

उद्या सकाळी बाळाची सुंता, तेव्हाच नाव पुकारायचं. आणि बाळाचा बाप लेइबल अजून मावशीची मनधरणी करत बसला होता.

"मावशी, शायाकाकांनी मला खांद्यावर बसवून अख्खं राडोम फिरवलंय. त्यांच्या नावाचं कुणी नको का?"

"आपल्यात मेलेल्याचं नाव ठेवतात. जित्याचं ठेवणं म्हणजे त्याचा खड्डा खणणं. काका मेले, हे तुला कुणी सांगितलं?"

ब्वेनोस आयर्सच्या ओन्से या ज्यू पेठेत गितलचं हे वेड पोराटोरांना ठाऊक होतं. युद्ध संपून युग लोटलं, तरी मेलेल्यांसाठी लावतात ती मेणबत्ती तिने नवऱ्याच्या नावाने लावली नव्हती. सगळ्या जगाला नावं ठेवणारी बाई एका बाळाला नाव ठेवू देत नाही, असं पेठ हसायची. हसून झालं की डोळे पुसायची.

"काय गं ही निष्ठा!" शेजारीण फ्रिमेत हुंदका द्यायची.

"रड, पण लांब बसून रड. रेशमावर डाग पडतात," गितल म्हणायची. युद्धाआधीच बोट गाठून इथे गुबगुबीत झालेल्या या बायकांचे अश्रू तिला पाणचट सुपासारखे वाटत.

शायाची गोष्ट पेठेला पाठ होती. राडोमच्या ज्यू वस्तीवर नाझींची धाड पडली, तेव्हा त्याने गितलला आणि छोट्या लेकीला, रुखेलेला, तळघरात बसवलं. "लपायला बरी जागा बघून येतो. हलू नका," म्हणाला नि गेला. बायकोपोरीसाठी जागा शोधताना बिचारा सापडला, असं सगळे म्हणत. गितल हलली नाही. जिन्यावरून बूट खाली आले ते शिपायांचे. छावणीच्या दारात रुखेलेला दुसऱ्या रांगेत ढकललं. गितल एकटीच बाहेर आली. अनाथाश्रमातून बहिणीचा लेइबल शोधून काढला, बोटीत बसवला आणि काजं-बटणं करून वाढवला.

"आता वाट बघणं सोड, मावशी," लेइबल हळूच म्हणाला. "जिवंत असते तर काका परत आले नसते का?"

गितलची सुई थांबली. भेसळीचं कापड बघावं तसं तिने भाच्याकडे बघितलं.

"आले असते, नाही का?" ती म्हणाली. दातांनी दोरा तोडला. "बरं. ठेव शाया."

सकाळी नाव पुकारलं गेलं आणि सगळी पेठ रडली. "सुटली बाई एकदाची!" फ्रिमेत म्हणाली. गितलने केकवर 'कोरडा ठणठणीत' असा शेरा मारला आणि एक तुकडा रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी बोटीने नदी ओलांडून ती पलीकडच्या देशात, मोंतेविदेओला गेली. बाजारामागच्या टोप्यांच्या दुकानात एक ढेरपोट्या माणूस काउंटर पुसत होता. तिला बघताच त्याचा हात थांबला.

"परत आलीस?" तो कुजबुजला. "गेल्या वेळी वचन दिलं होतंस, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"नाहीच सांगितलं."

"कोण आलंय हो, शाया?" आतून बायकोचा आवाज आला. मागोमाग पोरांचं हसणं.

गितलने रुमाल सोडून केक त्याच्यापुढे सरकवला.

"लेइबलला मुलगा झाला. तोंड गोड कर. काल तुझं नाव ठेवलं."