लिंडानीचा तुकडा

"अगं, तुकडा काळा पडला की!" माझोंडी दारातूनच ओरडली.

"पडायलाच हवा," तेम्बेका म्हणाली. "ऑस्मियमचा रंग आहे तो. नसता पडला तर मी ओरडले असते. आणि ती ओली फडकी बाहेर ठेव, मा."

कुपीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे काळे कण बसले होते. माझोंडीच्या धाकट्या मुलाच्या, लिंडानीच्या मूत्रपिंडातून ते सुईने काढले होते. थोरला सिबोनेलो डायलिसिसवर होता आणि त्याच्या अंगाला आता तेही सोसेना. लिंडानी त्याला आपलं एक मूत्रपिंड द्यायला निघाला होता. पण तपासणीत त्याच्या लघवीत रक्ताचा अंश सापडला. आतल्या गाळणीचा पडदा जन्मापासून पातळ असेल, तर त्याला देता येणार नव्हतं, आणि घरात दुसरं देणारं कुणी नव्हतं. माझोंडीला स्वतःला साखरेचा आजार.

तो पडदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. तुकडा तिथवर नेणं हे तेम्बेकाचं काम. माझोंडी डर्बनच्या त्याच इस्पितळात झाडलोट करायची आणि सगळे तिला आदराने 'मा' म्हणत, त्यामुळे दिवसातून चारदा तिचा केर नेमका याच खोलीत निघायचा.

"हे बिघडू शकतं का गं?" तिने विचारलं.

"हजार तऱ्हांनी. आत पाणी राहिलं तर, भट्टी तापली नाही तर, शेवटच्या रंगावर कुणी श्वास सोडला तर." आपल्या कामाचा तोरा मिरवायला तेम्बेकाला कुणीही चालत असे. "पण माझ्या हातून नाही बिघडत. जा, लाद्या पूस."

अल्कोहोलने तुकड्यातलं पाणी काढून तिने तो पातळ राळेत बुडवला आणि रात्रभर घट्ट व्हायला भट्टीत ठेवला. सकाळी पाहते तर राळ रबरासारखी मऊ. तिने लोडशेडिंगला दोन शिव्या हासडल्या. मग भट्टीचं बटण बंद दिसलं. शेजारच्या प्लगला लादी घासायच्या यंत्राची वायर लोंबत होती.

"मा! हे तू केलंस?"

"चुकून झालं असेल गं." माझोंडीचा चेहरा पांढराफटक पडला. "गेला का तुकडा?"

तिचा तो चेहरा बघून तेम्बेकाचा राग निवला. "नाही गेला. अजून एक दिवस भट्टीत ठेवते, होईल घट्ट. रडू नकोस."

माझोंडी मात्र रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिने डबाभर गरम अमाग्विन्या, मैद्याचे फुगीर गोळे, तळून आणल्या. तेम्बेकाने त्या चहाबरोबर खाल्ल्या आणि घट्ट झालेल्या राळेचे हिऱ्याच्या सुरीवर काप काढायला बसली. काप पाण्यावर तरंगत आले, चांदीच्या रंगाचे. म्हणजे हवे तेवढे पातळ. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने ढकलत तिने ते तांब्याच्या चिमुकल्या जाळ्यांवर घेतले.

"शेवटचा रंग मला बघू दे," माझोंडी म्हणाली.

"बघ. पण तोंडावर हात ठेव. हे शिसं आहे, श्वास लागला की त्याचे खडे होतात."

तेम्बेकाने दम रोखला आणि पहिली जाळी थेंबावर ठेवली. तेवढ्यात माझोंडीला खोकल्याची उबळ आली, ती थेट थेंबावरच. हात तोंडावर जाईपर्यंत उशीर झाला होता.

"वाट लागली!" तेम्बेका ओरडली. मग स्वतःच खजील झाली. आपल्या आईला अशा वेळी इथे नुसतं उभंसुद्धा राहवलं नसतं, असं तिच्या मनात आलं. "जाऊ दे, मा. मी जास्तीच्या जाळ्या करूनच ठेवते. आहेत अजून."

"अजून आहेत?"

"हो! सांगितलं ना, माझ्या हातून नाही बिघडत."

माझोंडी मटकन स्टुलावर बसली आणि तिने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. तेम्बेकाला तिची फार कणव आली. तिला बाहेर बसवून तिने दार लावलं आणि उरलेल्या जाळ्या दम रोखून रंगवल्या.

दुपारी डॉक्टर मूडलींनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा मापला. एका जाळीवर, मग दुसरीवर. "झकास," ते म्हणाले. "चांगला जाड आहे, कुठे विरलेला नाही. देऊ दे खुशाल. चहा घेऊन अहवाल लिहितो."

अहवालाआधी कुणाला काही सांगायचं नसतं, हे तेम्बेका नवशिक्यांना रोज ऐकवत असे. आज ती स्वतःच धावत सुटली. माझोंडी जिन्यात कठडा पुसत होती.

"मा, पडदा ठणठणीत आहे! लिंडानीला देता येईल!"

माझोंडीने तिचा हात घट्ट धरला. वर पाहिलं, खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"अहवाल लिहून झाला?"

"अजून नाही. सगळ्यात आधी तुलाच सांगितलं."

"मग डॉक्टरांना सांग, तुकडा वाया गेला असंच लिहा, परत काढायलाही नको, लिंडानीचं नकोच," माझोंडी म्हणाली. "सिबोनेलो जाणार, हे मी मनाला समजावलंय गं, पण धाकट्याला सुरीखाली घालायला माझं मन धजत नाही, आणि हे मी आईच्या तोंडाने कुणाला सांगू?"