प्रुइटच्या मिलमधला पाचवा

“चार म्हणून लिहून दिलंय त्यानं!” वर्लीननं कागद टेबलावर आपटला. “चार कामगार! मग तू काय रे, तीन वर्षं तिथे हवा खायला जातोस?”

तिचा धाकटा भाऊ डेविट बिस्किटावर काकवी लावत होता. तो लावतच राहिला.

“ताई, जाऊ दे ना.”

“काय जाऊ दे?”

मिसिसिपीतला कायदा तसा सोपा आहे. पाच कामगार असले की मालकाला त्यांचा विमा काढावाच लागतो. चार असले तर त्याची मर्जी. हॉलिस प्रुइटची लाकडं कापायची मिल वर्षानुवर्षं याच मर्जीवर चालली होती. मग जानेवारीत पाइनचा एक ओंडका थप्पीवरून सुटला आणि वर्लीनच्या नवऱ्याच्या, रेफर्डच्या, कमरेवरून गेला.

तेव्हापासून रेफर्ड पुढच्या खोलीत पलंगावर होता. जॅक्सन शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षाच्या आत त्यांच्याकडे व्यायाम सुरू झाले तर हा माणूस काठी धरून उभा राहील. वर्ष उलटलं तर नाही. पण विम्याशिवाय ते त्याला दाखल करून घेत नव्हते. आठ महिने असेच गेले होते, आणि आता सगळी आशा होती ती कामगार-भरपाई कमिशनच्या आजच्या सुनावणीवर.

“रेफर्ड, म्हातारा क्लीव्हन, ते दोघे मॅकइनिस भाऊ आणि तू,” वर्लीननं बोटं मोजली. “झाले ना पाच? पहिलीतलं पोर सांगेल. तुझं नाव त्यानं मुद्दाम गाळलंय.”

“मी साक्ष दिली तर मिस्टर हॉलिस मला काढून टाकेल.”

“टाकू दे! ते काम तुला मिळवून दिलं कुणी? तुझा तो कोंबड्या कापायचा कारखाना बंद पडला, बायको सोडून गेली, दोन लेकरं घेऊन माझ्या पोर्चवर पडला होतास. महिनाभर मी रेफर्डचं डोकं खाल्लं तेव्हा तो मालकाच्या मागे लागला. आणि आज त्याच्या वेळेला शेपूट घालतोस?”

डेविटचं तोंड एवढंसं झालं. वर्लीनला वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत. गोड बोलून या घरात काही झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

निघण्यापूर्वी तिनं रेफर्डची कूस बदलली. पडून पडून झालेली पाठीवरची जखम पुन्हा ओली झाली होती. ती पुसता पुसता म्हणाली, “डेविट येतोय साक्षीला.”

“त्याला नको नेऊस.”

“तुम्हा दोघांना त्या प्रुइटचा एवढा पुळका कसला?”

“हॉलिस वाईट माणूस नाही, वर्ली.”

“आठ महिन्यांत एकदा तरी तोंड दाखवलं का तुझ्या चांगल्या माणसानं?”

रेफर्डनं भिंतीकडे मान वळवली. अडचणीचं काही निघालं की तो असाच गप्प बसायचा, आणि वीस वर्षांच्या संसारात त्याला बोलतं करणं तिला एकदाही जमलं नव्हतं.

“आज घरीच थांब,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठीच तर चाललेय, मूर्खा,” ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेऊन निघाली.

सुनावणी कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत होती. कमिशनच्या न्यायाधीश कट्रर बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. प्रुइट एकटाच आला होता, वकिलाशिवाय, टोपी हातात धरून. ते बघून वर्लीनला धीर आला. तिच्या बाजूला निदान फुकट सल्ला देणारा एक वकील तरी होता, आणि त्यानं एवढंच सांगितलं होतं, पाचवा माणूस उभा करा.

पाचवा माणूस उभा राहिला. बायबलवर हात ठेवून डेविटनं शपथ घेतली.

“प्रुइट यांच्या मिलमध्ये काम करता?” बाईंनी विचारलं.

“हो, मॅडम.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली. सहा ते तीन, रोज.”

“पगार तेच देतात?”

“हो, मॅडम. दर शुक्रवारी.”

वर्लीन रडायच्या बेतात होती. भावाला आपण उगाच घालूनपाडून बोललो, असं तिला वाटलं. सोमवारी सकाळी पहिला फोन जॅक्सनला करायचा, हे तिनं तिथेच ठरवून टाकलं.

बाई प्रुइटकडे वळल्या. “हा माणूस तुमचा कामगार नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?”

“छे, छे. आहे की,” प्रुइट म्हणाला. “चौथा.”

“आणि रेफर्ड टॉलिव्हर?”

प्रुइटनं कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर्लीनकडे बघायचं त्यानं टाळलं. “हा बाहेर काढायचा नव्हता, मॅडम. रेफर्डला मी तसा शब्द दिला होता.”

बाईंनी तो आधी मनातल्या मनात वाचला.

“हा भागीदारीचा करार आहे,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वीचा. मिलमध्ये शंभरातला एक हिस्सा रेफर्ड टॉलिव्हर यांचा. भागीदार कामगारांत मोजला जात नाही. कामगाराची भरपाईही त्याला मिळत नाही.”

“खोटं आहे!” वर्लीन ताडकन उठली. “रेफर्डला कुणी काही दिलेलं नाही! फसवून सही घेतली असणार! डेविट, बोल ना, तोंड शिवलंय का तुझं?”

डेविट आपल्या बुटांकडे बघत होता.

“नुसती सही नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “खाली त्यांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्यात.”

“वाचा,” वर्लीन म्हणाली. “सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा.”

बाईंनी वाचलं, “‘मला वगळलं की चारच होतील, तेव्हा माझ्या मेव्हण्याला कामावर घ्यावं. माझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नये.’”