कडुबाकाकांची पाचवी चूक

स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि मनस्विनीने चहाचा कप टेबलावर आपटला. नाव वाचायची गरजच नव्हती. तपासणी विभाग, कडुबा दांडगे.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात दुचाकींच्या ब्रेकचे भाग बनत. तिथल्या दोनशे कॉम्प्युटरांची सुरक्षा मनस्विनीकडे होती. सहा महिने वरिष्ठांच्या मागे लागून तिने नवं सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं. कुणी फसव्या मेलमधली लिंक दाबली, की ते त्या मशीनला नेटवर्कपासून तोडून टाकायचं. मग मनस्विनीने तपासून पुन्हा जोडेपर्यंत अख्खा दिवस जायचा.

सगळे शिकले. कडुबाकाका शिकले नाहीत. तीन महिन्यांत ही चौथी वेळ.

ती तणतणत खाली गेली.

"काका, तुम्हाला बक्षिसात फ्रीज लागलाय असं कोण कशाला कळवेल?"

"चुकून दाबलं गेलं, मॅडम."

"मागच्या वेळी वीजबिल होतं. त्याच्या आधी लॉटरी!"

"वय झालं. लई बारीक अक्षर दिसत नाय."

याचाच तिला जास्त राग यायचा. प्रशिक्षणात बाकीचे मोबाइल चाळत बसले होते, तेव्हा हेच काका पहिल्या रांगेतून विचारत होते, "म्हंजी तुटलेल्या मशीनमधी कंपनीतल्याबी कुणाला शिरता येत नाय का?" कुणालाच नाही, असं तिने कौतुकाने सांगितलं होतं. इतकं नीट समजून घेणारा माणूस फसतो कसा?

"तुमच्यामुळे माझ्या कामाला नावं ठेवतात लोक."

"व्हय, मॅडम. चुकलं." काका खाली बघत राहिले.

दुपारी कारखान्याच्या प्रमुखांनी, देवेशसरांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं.

"त्यांचं मशीन बंद पडलं की माझा माल अडकतो, मनस्विनी. चार वेळा गाड्या रिकाम्या परत गेल्या."

"सर, काकांना दुसरं काम द्या ना."

"पाच महिन्यांत निवृत्त होतायत. या औद्योगिक वसाहतीला जमीन देऊन नोकरीला लागलेला माणूस, उगीच कशाला दुखवायचं? तेवढं एक मशीन तू वगळ. तुला सूचना येऊ दे, पण तोडू नको."

"सर, एक दार उघडं ठेवलं तर बाकीच्या कुलपांना अर्थ काय?"

"मला गाड्या भरून जायला हव्यात," सर म्हणाले आणि फोनकडे वळले.

ती संतापून जागेवर आली. इतक्या महिन्यांची मेहनत एका माणसाच्या बोटापायी वाया चालली होती. शेवटी तिने काकांचं मशीन तोडायच्या मशीनांच्या यादीतून काढलं. गारखेड्याला घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये तिला वाटलं, कटकट तरी संपली.

नऊ दिवसांनी सकाळी पुन्हा लाल पट्टी आली. मनस्विनी जागची हलली नाही. फोन वाजला.

"मॅडम, मशीन तुटलं नाय."

"आता नाही तुटणार, काका. खुशाल दाबा काय दाबायचं ते."

"तोडा ना, मॅडम. पाया पडतो."

"का?"

"फोनवर नाय सांगता येत."

तिने फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने दोन जिने चढून काका धापा टाकत तिच्यासमोर उभे राहिले.

"काका, आता हे अति होतंय. हे बघा, छान चालू आहे तुमचं मशीन." तिने त्यांच्या मशीनची स्क्रीन आपल्याकडे उघडली आणि ती थबकली.

तिथे माउसचा बाण आपोआप फिरत होता. आजच्या मालाच्या लॉटचा तपासणी अहवाल उघडला. 'नापास' हा शब्द पुसला गेला आणि 'पास' उमटला. खाली तपासनीसाचं नाव तसंच होतं, कडुबा दांडगे.

"तुमच्या मशीनवर कोण बसलंय?"

"कुणीबी नाय. खोलीला कुलूप घालून आलो."

त्या मशीनमध्ये शिरलेली जोडणी तिने शोधली. ती देवेशसरांच्या केबिनमधून आली होती.

"आजचे ब्रेक मी सकाळीच नापास केले," काका म्हणाले. "आधीचे चार लॉटबी नापासच होते, मशीन पुन्हा जोडेस्तोवर मी ते भंगारात घालायचो. मशीन तुटलेलं असलं की सायबाला ते पास करता येत नव्हते."