सरांचं मत

त्या जुन्या, नामांकित कॉलेजात प्राचार्यांची निवड प्राध्यापकांच्या मतांनी व्हायची. या खेपेला इतिहासाचे विभागप्रमुख एका मताने पडले आणि त्यांनी लगेच तक्रार ठोकली. त्यांचा सगळा राग एकाच मतावर होता, त्यांच्या निवृत्त सरांच्या. सरांना मताचा हक्क तहहयात होता, आणि मतदानाला ते आले होते निवडून आलेल्या बाईंच्या गाडीतून.

चौकशी समितीसमोर विभागप्रमुख म्हणाले, "सरांनीच मला शिकवलं, त्यामुळे बोलायला जड जातंय. पण त्यांना आता स्वतःच्या मुलीचं नावही आठवत नाही. कुणीतरी हात धरून शिक्का मारून घेतलाय. ते मत बाद करा."

सरांशेजारी बसलेल्या मुलीने मान खाली घातली.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, "सर, मतदानाचं काही आठवतंय का?"

"आठवतंय की," सर विभागप्रमुखांकडे बोट दाखवत म्हणाले. "याला फोन केला तर वेळ नव्हता, म्हणून बाईंनी गाडी पाठवली. मत मात्र मी यालाच दिलं. माझा विद्यार्थी आहे ना."

विभागप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग तक्रार मागे घेताय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

विभागप्रमुखांनी घाईघाईने मान डोलावली.

"नको, नको," मुलीच्या खांद्याचा आधार घेत सर उठले. "बाद कराच ते. मला माझं मत परत हवंय."